विमानाची कल्हई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे बालपण दौंडच्या रेल्वे वसाहतीत गेले. दौंड जंक्शन किती जुने? दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन त्या काळी दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. प्रवासी तेवढ्या वेळात चहा पिऊन घेत. आम्हा पोरांचे लक्ष मात्र एका माणसाकडे असे. तो लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक चाकावर एक ठोका देई. चाक चांगले असेल तर खणखणीत आवाज येई. आत कुठे तडा असेल तर आवाज बद्द येई. शेकडो चाके खणखणीत वाजत, तरी तो एकही चाक गाळत नसे. एकदा मी विचारले, "काका, रोज चांगलीच वाजतात, मग रोज कशाला ठोकता?" ते म्हणाले, "बाळ, जे वाजणार नाही, ते सांगून येत नाही."

पुढे मी धातुशास्त्र शिकलो. धातू झिजतो कसा, तुटतो कसा आणि खराब होतो कसा, हाच अभ्यासाचा विषय झाला. तेव्हा कळले की काकांच्या त्या एका वाक्यात अर्धे पुस्तक होते. आज विमानांच्या धातूला लागणाऱ्या रोगाविषयी बोलायचे आहे. विमान आणि दौंड यांचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. लोहगावहून उडालेली विमाने आमच्या उसावरून जातात, एवढाच संबंध आहे का? मला तसे वाटत नाही. या रोगाची लक्षणे शिरूर-दौंडच्या प्रत्येक घरात दिसतात आणि त्यावरचा उपायही आपल्या ओळखीचा आहे.

माझे आजोळ शिरूरचे. जुनी माणसे त्या गावाला घोडनदीच म्हणत. आजीच्या घरी पितळेची आणि तांब्याची भांडी होती. वर्षातून एकदा कल्हईवाले चाचा येत. अंगणात खड्डा करून भाता लावत, भांडे लाल होईस्तोवर तापवत, त्यात नवसागर टाकत. पांढऱ्या धुराचा लोट उठे. मग कथलाची कांडी आत टेकवून कापसाच्या बोळ्याने असा काही झरझर हात फिरवत की काळवंडलेले भांडे क्षणात चांदीसारखे होई. कल्हई गेली की आजी त्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवू देत नसे. "कळकेल," एवढेच म्हणे. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला खातो आणि स्वतःही बिघडतो, हे तिला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. धातूवर दुसऱ्या धातूचा पातळ थर चढवून त्याला वाचवायचे, ही युक्ती आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या होती. विमानाच्या इतिहासात ती पुन्हा भेटणार आहे.

आता रोग समजून घेऊ. बहुतेक धातू खाणीत शुद्ध सापडत नाहीत. ते प्राणवायूशी किंवा गंधकाशी जोडलेल्या मातीच्या रूपात असतात. आपण भट्टी लावून, वीज खर्चून त्यांना सोडवून आणतो. संधी मिळताच धातू पुन्हा मूळच्या रूपाकडे जाऊ पाहतो. लोखंडाचा गंज हा त्या परतीच्या प्रवासातला टप्पा आहे. या प्रवासाला ओल लागते, क्षार असला की वेग येतो, आणि दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटले असले तर मग विचारूच नका.

हे शेवटचे उदाहरण आपल्या भागात प्रत्येक विहिरीवर पाहता येते. खांबावरून येणारी तार ॲल्युमिनिअमची असते, पंपाच्या स्टार्टरकडे जाणारी वायर तांब्याची. घाईत कुणीतरी दोन्हींना पीळ देऊन जोड मारतो. दोन पावसाळे गेले की जोडावर पांढरी भुकटी दिसते, तो तापतो, ठिणग्या उडतात आणि ऐन पाण्याच्या पाळीत मोटार बंद पडते. ओल मधे आली की ॲल्युमिनिअम आणि तांबे मिळून एक छोटी बॅटरी तयार होते. तिच्यात तांबे सुरक्षित राहते आणि ॲल्युमिनिअम खर्ची पडते. शेतकरी म्हणतो, "जोडानं तार खाल्ली." याहून नेमके वर्णन पाठ्यपुस्तकातही नाही.

ही बॅटरी माणसाला प्रथम महागात पडली ती समुद्रावर. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा हा हेतू. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तांबे ठीक होते, पण लोखंडी खिळे खाऊन गेले होते. मात्र काही खिळे शाबूत निघाले. कारण तांब्याचे पत्रे तपकिरी कागदात गुंडाळून आले होते आणि जिथे तो कागद खिळा व पत्रा यांच्या मधे तसाच राहिला होता, तिथे लोखंड वाचले होते. दोन धातूंच्या मधे आडपडदा ठेवा, हा धडा कागदाच्या कपट्याने शिकवला. आज विमानाच्या ॲल्युमिनिअममध्ये पोलादी बोल्ट बसवताना मधे रंगाचा किंवा लुकणाचा थर देतात, तो त्याच कागदाचा वंशज आहे.

सुरुवातीच्या विमानांना मात्र या रोगाची फारशी धास्ती नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणले, ते 'पस मॉथ' विमान होते. त्याचे पंख लाकडाचे, सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड. पावसाळ्यात जुहूच्या धावपट्टीचा चिखल होई. तेव्हा टाटांची ही चिमुकली विमानसेवा विमानांसह पुण्याला हलत असे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून उड्डाणे होत. म्हणजे मुंबईच्या पावसापासून विमाने वाचवायला पुणे जिल्हा तेव्हापासून उपयोगी पडला आहे.

परंतु तोपर्यंत जगात धातूचे विमान आले होते. त्याची गोष्ट १९०६ साली जर्मनीत सुरू होते. आल्फ्रेड विल्म हा संशोधक ॲल्युमिनिअमला बळकट करू पाहत होता. शुद्ध ॲल्युमिनिअम हलके खरे, पण नरम. त्याने त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशिअम मिसळले, तापवून पाण्यात बुडवले आणि मोजमाप घेतले. फारसे काही हाती लागले नाही. सांगतात की मधे रविवार आला आणि सोमवारी तोच तुकडा पुन्हा मोजला, तर तो आधीपेक्षा कितीतरी कठीण झालेला होता. काही न करता, नुसता पडून राहून! पुढे ड्यूरेन गावच्या कारखान्यात ही मिश्रधातू तयार होऊ लागली आणि 'ड्युरॅल्युमिन' या नावाने जगभर गेली. १९१९ साली युंकर्सने तिच्यापासून संपूर्ण धातूचे प्रवासी विमान बनवले.

पण इथेच पाचर बसली होती. शुद्ध ॲल्युमिनिअम हवेत आले की त्यावर ऑक्साइडचा थर आपोआप चढतो. तो इतका पातळ की मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागांत मोजावा लागतो. तरी तो घट्ट असतो आणि खालच्या धातूला झाकून ठेवतो. म्हणून आपला ॲल्युमिनिअमचा टोप वर्षानुवर्षे टिकतो. विल्मने बळासाठी तांबे घातले आणि विहिरीवरचा तो जोड धातूच्या पोटातच तयार केला. तांब्याचे सूक्ष्म कण आणि भोवतालचे ॲल्युमिनिअम यांच्या लाखो बारीक बॅटऱ्या. खारी ओल मिळाली की धातू कणांच्या सीमेवरून आत आत खाल्ला जातो. वरून पत्रा जवळजवळ धड दिसतो आणि हातात घेऊन वाकवला की तुटतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात तपासणाऱ्यांना हे दिसले, तेव्हा धातूच्या विमानावर विश्वास ठेवावा की नाही असा प्रश्न उभा राहिला.

त्यावर दोन उपाय निघाले. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी ड्युरॅल्युमिनला आम्लाच्या कुंडात टांगून वीज दिली आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड करून घेतला. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांसाठी हे केले होते. दुसरा उपाय अमेरिकेतल्या एडगर डिक्स यांचा. १९२७ च्या सुमारास त्यांनी बळकट मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ थर दाबून बसवला. आत बळ, बाहेर टिकाऊपणा. या पत्र्याला 'अल्क्लॅड' म्हणतात. मी प्रथम हे वाचले तेव्हा शिरूरचे अंगण आठवले. ही विमानाची कल्हईच की! शिवाय पत्र्यावर ओरखडा पडला तर बाहेरचा शुद्ध थर आधी स्वतः झिजतो आणि आतल्याला वाचवतो. गोठ्यावरच्या जस्ती पत्र्यातले जस्तही लोखंडासाठी हेच करते.

डाकोटा विमानाचा देह या कल्हई केलेल्या पत्र्याचा. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय जवान उतरले ते डाकोटांतून. २०१८ साली असेच एक जुने डाकोटा दुरुस्त करून, 'परशुराम' नाव देऊन, आपल्या हवाई दलात पुन्हा सामील झाले. निगा राखली तर धातूचे विमान माणसापेक्षा जास्त जगते, याचा तो पुरावा आहे.

निगा हा शब्द मात्र पुढच्या काळात फार महाग ठरला. जेट विमाने उंच उडू लागली. आत हवेचा दाब ठेवावा लागला. प्रत्येक उड्डाणात विमानाचे पोट फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरताना पुन्हा बसते. या फुगण्या-बसण्याने धातू थकतो. त्यात क्षरणाची भर पडली की दोन्ही रोग एकमेकांना हात देतात. आणि ओल तर विमानात सगळीकडे असते. प्रवाशांच्या श्वासाची वाफ थंड पत्र्यावर निथळून तळाशी साचते. स्वयंपाकघरात कॉफी सांडते, स्वच्छतागृहाखाली गळती होते. इंधनाच्या टाकीत पाण्याचे थेंब राहिले तर त्या पाण्याच्या आणि केरोसीनच्या सीमेवर चक्क बुरशी वाढते आणि तिच्या आम्लाने टाकीचा पत्रा खाल्ला जातो. पारा सांडला तर विचारायलाच नको. तो ॲल्युमिनिअमचे ऑक्साइडचे कवच टिकू देत नाही आणि आतला धातू झपाट्याने पोखरला जातो. म्हणून विमानात पारा नेण्यावर कडक बंधने आहेत.

२२ ऑगस्ट १९८१. तैवानमध्ये फार ईस्टर्न कंपनीचे एक बोइंग ७३७ सकाळी उडाले आणि आतला दाब टिकेना म्हणून दहा-एक मिनिटांत परतले. दुरुस्ती झाली, विमान पुन्हा दुसऱ्या मार्गावर निघाले. सुमारे चौदा मिनिटांनी ते आकाशात फुटले. ११० माणसे होती, एकही वाचले नाही. विमानाच्या पोटाखालचा धातू क्षरणाने जागोजागी पातळ झाला होता. हे विमान समुद्रातली मासळी वाहत असे आणि तिच्या खाऱ्या पाण्याची गळती या झिजेच्या मुळाशी असावी, असे मानले गेले. मिठाचे पाणी, तेही थेंबाथेंबाने.

त्यानंतर सात वर्षांनी, २८ एप्रिल १९८८ रोजी, हवाई बेटांमध्ये अलोहा कंपनीचे बोइंग ७३७ चोवीस हजार फुटांवर असताना त्याच्या पुढच्या भागाचे छप्पर सुमारे अठरा फूट लांबीपर्यंत उडून गेले. प्रवासी उघड्या आभाळाखाली पट्ट्यांनी बांधलेले. क्लॅराबेल लॅन्सिंग या हवाईसुंदरी सदतीस वर्षे नोकरीत होत्या. त्या बाहेर फेकल्या गेल्या आणि पुन्हा सापडल्या नाहीत. वैमानिकांनी विमान तेरा मिनिटांत माउई बेटावर उतरवले आणि बाकीचे चौऱ्याण्णव जण वाचले. ते विमान एकोणीस वर्षांचे होते आणि बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्या करत त्याने ८९,६८० उड्डाणे केली होती, तीही खाऱ्या हवेत. पत्र्यांच्या जोडातले चिकटवण सुटले होते, फटीत ओल शिरली, क्षरण झाले, भार रिव्हेटांवर आला आणि रिव्हेटांच्या ओळीत बारीक बारीक तडे गेले. एकेक तडा किरकोळ. सगळे मिळून एका क्षणी एक झाले.

या अपघाताच्या चौकशीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दाराजवळ पत्र्यावर तडा दिसला होता. तिने तो पाहिला आणि कुणालाही सांगितले नाही. तिला दोष द्यावा असे मला वाटत नाही. एवढे मोठे विमान, एवढे तज्ज्ञ लोक, आपण काय सांगणार, असे आपल्यापैकी कुणालाही वाटले असते. पण ज्यांचे कामच पाहण्याचे होते, त्यांच्याही नजरेतून तो सुटला होता. चौकशी अहवालाने ठपका ठेवला तो तपासणीच्या व्यवस्थेवर. हजारो रिव्हेट, रात्रीची वेळ, हातात बॅटरी, आणि प्रत्येक रिव्हेट चांगलाच निघतो. अशा वेळी पुढचाही चांगलाच असेल असे मन म्हणू लागते.

अलोहानंतर जगभर जुन्या विमानांचे नियम बदलले. विमान किती तास उडाले एवढेच न पाहता किती वेळा चढले-उतरले यालाही अधिक महत्त्व आले. क्षरण रोखण्याचा वेगळा कार्यक्रम प्रत्येक जुन्या जातीच्या विमानाला लागू झाला. मोठ्या तपासणीत आसने, फरशी, स्वयंपाकघर काढून विमान आतून उघडे करतात. पत्रा रिव्हेटांच्या मधे उशीसारखा फुगला आहे का, हे तिरप्या उजेडात पाहतात, कारण ॲल्युमिनिअमची ती पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि पत्रा वर उचलते. रोग वाढला तर धातूचे पदर खारीसारखे सुटतात. डोळ्यांना न दिसणारे शोधायला ध्वनिलहरी आणि विद्युतप्रवाह वापरतात. आणि सर्वांत साधे काम म्हणजे विमानाच्या पोटाला असलेली पाणी निथळण्याची बारीक छिद्रे मोकळी ठेवणे. एक छिद्र कचऱ्याने बुजले तर वरची सगळी महागडी यंत्रणा लंगडी पडते.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही चालते. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तिथली मिग-२१ विमाने देशाच्या हवाई दलात दशकानुदशके राहिली आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्या जातीने निरोप घेतला. अंबरनाथला नौदलासाठी धातू आणि त्यांच्या क्षरणावर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. गोव्यात दाभोळीला नौदलाचा हवाई तळ आहे. समुद्रावर उडणारे विमान उतरल्यावर गोड्या पाण्याने धुणे हा अशा तळांवरचा नेम असतो. शेतातून आलेल्या बैलाला नदीवर नेऊन धुवावे, तसे. त्याच तळाजवळ नौदलाचे विमान संग्रहालय १९९८ पासून आहे. 'विक्रांत'च्या डेकवरून उडणारी सीहॉक आणि अलिझे विमाने तिथे पाहायला मिळतात. गोव्याला जाल तेव्हा समुद्रकिनाऱ्यातून तासभर काढून अवश्य जा, आणि रिव्हेटांच्या ओळींवरून एकदा हात फिरवल्यासारखी नजर फिरवा.

आता नवी विमाने कार्बनच्या धाग्यांच्या मिश्र पदार्थाची बनतात. बोइंगचे ७८७ हे २००९ साली प्रथम उडालेले विमान बरेचसे तसे आहे. कार्बन गंजत नाही. मग प्रश्न मिटला का? नाही. कार्बन ॲल्युमिनिअमला चिकटला तर तोच विहिरीवरचा जोड पुन्हा तयार होतो आणि ॲल्युमिनिअम खर्ची पडते. म्हणून अशा ठिकाणी टायटॅनिअम वापरावे लागते किंवा मधे आडपडदा द्यावा लागतो. साहित्य बदलले तरी 'अलार्म' नौकेवरचा कागदाचा कपटा अजून निवृत्त झालेला नाही.

आपल्याकडे उद्घाटनाला मंडप पडतो, देखभालीला नाही. धरणाचे, पुलाचे, कारखान्याचे पहिले वर्ष सर्वांना आठवते. विसाव्या वर्षी कुणी रंगाचे पोपडे खरवडून पाहिले, याची बातमी होत नाही. ती होऊही नये, कारण देखभाल नीट झाली म्हणजे काहीच घडत नाही. दुर्घटना टळली, हे दाखवता येत नाही. म्हणून असे काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला कौतुक कमी आणि कंटाळा जास्त येतो. त्या कंटाळ्याशी तो रोज लढतो म्हणून आपण निर्धास्त झोपा काढत प्रवास करतो.

दौंडच्या फलाटावरचे काका निवृत्त झाले त्याला खूप वर्षे झाली. त्यांच्या हातून एक तरी चाक बद्द वाजले का, असे मी त्यांना पुढे एकदा विचारले होते. ते म्हणाले, "दोनदा." सगळ्या नोकरीत दोनदा! दोन्ही डबे त्यांनी गाडीतून काढायला लावले. गाडीला उशीर झाला, प्रवासी ओरडले, साहेबांनी कारण विचारले. त्या दोन गाड्यांतल्या माणसांना आपण कशातून वाचलो, हे कधीच कळले नाही.